नांदूरमध्यमेश्वरला जाताय? पहाटेच निघा

डिसेंबरातल्या रविवारी या पक्षी अभयारण्यासाठी पहाटे पाचला नाशिक सोडलं. निफाडची थंडी नुसती ऐकून होते, गाडीची काच खाली केली तेव्हा ती काय असते ते कळलं. घड वाचवायला द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या होत्या. कानटोपी, स्वेटर घ्याच, पण मातकट रंगाचा, पाखरं बुजायला नकोत.

नकाशात अभयारण्याऐवजी चापडगाव टाका. वन विभागाचं माहिती केंद्र आणि निरीक्षण मनोरे तिथेच आहेत. तिकीट काढलं की गावातला एखादा पोरगा वाटाड्या म्हणून सोबत घ्या, हे पैसे वाचवू नका. आमच्या वाटाड्याने तिपाईवरची दुर्बीण एका बदकावर रोखली आणि म्हणाला, "ताई, चोच बघा." काळी चोच, टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. हळदीकुंकू बदक! नाव कित्येकदा वाचलं होतं, पण ते ज्याने ठेवलं त्याने हा पक्षी किती मायेने न्याहाळला असेल, ते त्या क्षणी उमगलं. त्याच्यामागे वारकरी पक्षी तरंगत होते, काळेभोर, कपाळी पांढरा टिळा. पलीकडे तलवार बदकं, थापटे, चित्रबलाक. गवताच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या.

एवढी पाखरं इथेच का? गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजी अमदानीत शेतीसाठी बंधारा बांधला. दर पुराने त्यामागे गाळ आणून टाकला. पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणगवत माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा, पण चिखल चिवडणाऱ्या शेकाट्या पक्ष्याचं ताट त्यावरच वाढलेलं असतं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला, राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून, महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं. 1986 साली अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं. या गाळाला निरुपयोगी म्हणणाऱ्याने एकदा इथे येऊन उभं राहावं.

मनोऱ्याकडे निघण्याआधी केंद्रात एक गोष्ट जरूर विचारा: कालव्याचं आवर्तन सुरू आहे का? पाणी सुटलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि लांब पायांचे पक्षी जवळ येतात. पाणी भरलेलं असेल तर बदकांची चंगळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मन खट्टू झालं ते जलपर्णी पाहून. वरून येणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते. कमळपक्षी तिच्यावर ऐटीत चालतो खरा, पण बदकांना मोकळं पाणी लागतं, आणि तेच ती झाकून टाकते.

आम्ही मनोऱ्यावर असताना एकजण फोटोसाठी थेट काठापर्यंत उतरला. अख्खा थवा उठला, फिरला आणि लांब जाऊन बसला. परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी ही पाखरं अंगात चरबी साठवत असतात. असं प्रत्येक उठणं त्या साठ्यातून जातं. कृपा करून काठाशी उतरू नका, टाळ्या वाजवू नका.

नऊनंतर ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत चित्र लहरायला लागतं. तेव्हा थांबून डबा उघडा. जेवण आणि पाणी घरूनच न्या, आणि खरकटं, पिशव्या परत आणा. चारनंतर पुन्हा मनोऱ्यावर जा. आमच्या त्याच जागी संध्याकाळी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खाली खाली घिरट्या घालत होता, आणि वारकरी एकमेकांना चिकटून पाण्याच्या मध्यावर गोळा झाले होते.