काळा घोडा ते लालबाग : बंद झालेल्या उपाहारगृहांच्या वाटेवर

या वेळी मुंबईत मी जी ठिकाणे पाहायला गेलो, त्यांपैकी एकही आता अस्तित्वात नाही. काळा घोडा, धोबी तलाव, गिरगाव आणि लालबाग या भागांत एके काळी गजबजलेली आणि पुढे बंद झालेली उपाहारगृहे जिथे होती, तिथपर्यंत एका दिवसात जमेल तितके पायी जायचे, त्या जागी आता काय आहे ते पाहायचे आणि जुने कोणी भेटले तर त्यांच्याशी बोलायचे, असा बेत होता. माझे थोरले काका गिरणी कामगार होते. लालबागच्या ज्या खानावळीत ते अनेक वर्षे जेवले, तिचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात नेहमी येई; पण ती नेमकी कुठे होती हे आम्हा भावंडांपैकी कोणीच कधी विचारून ठेवले नाही. काका गेल्यावर ही गोष्ट मला फार लागली, आणि या प्रवासाची कल्पना त्यातूनच पक्की झाली.

पुण्याहून सकाळच्या डेक्कन क्वीनने निघालो. १९३० साली सुरू झालेल्या या गाडीला आजही भोजनयानाचा वेगळा डबा आहे, टेबलाशी बसून ऑम्लेट आणि टोस्ट खाता येतो, आणि खिडकीबाहेर घाट सरकत असतो. बंद झालेल्या जागांकडे निघालेल्या माणसाला चालू असलेल्या या जुन्या जागेत न्याहारी करावीशी वाटणे स्वाभाविक होते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत काळा घोड्याला पोहोचलो. ज्या पुतळ्यावरून या चौकाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली इथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. नाव मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले. याच चौकात ‘वेसाइड इन’ होते. कोल्हापूरहून आलेले आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत तितक्याच ताकदीने लिहिणारे कवी अरुण कोलटकर इथे वर्षानुवर्षे दर गुरुवारी दुपारी मित्रांसह बसत. समोरचा चौक, त्यात दिवसभर वावरणारी माणसे, कुत्री आणि कावळे यांच्यावर त्यांनी ज्या कविता लिहिल्या, त्या या जागेवरून पाहिलेल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही इथे येऊन लिहीत बसत, असे सांगतात. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत वेसाइड इन बंद झाले आणि त्या जागी चिनी पदार्थांचे रेस्टॉरंट आले. कोलटकर २००४ साली गेले. मी चौकाच्या कडेला बराच वेळ उभा राहिलो आणि त्यांच्या टेबलावरून चौकाचा कोणता कोन दिसत असेल, याचा अंदाज घेत राहिलो.

समोर जहांगीर कलादालन आहे. त्याच्या एका अंगाला, रेल्वेच्या डब्यासारखे लांब आणि अरुंद ‘कॅफे समोवार’ १९६४ पासून २०१५ च्या मार्चअखेरपर्यंत चालले. उषा खन्ना यांनी ते सुरू केले आणि अखेरपर्यंत सांभाळले. जागा कलादालनाची होती, ती त्यांना परत हवी होती, आणि दीर्घ वादानंतर समोवारला ती सोडावी लागली. मी विद्यार्थिदशेत इथे प्रथम आलो तो चित्रे पाहून दमल्यावर. खिशात पराठ्यापुरते पैसे होते. तो संपल्यानंतरही कितीतरी वेळ मी बागेकडच्या बाजूला बसून होतो आणि कोणीही मला उठवले नाही. शेजारच्या टेबलावर नावाजलेले चित्रकार वाद घालत होते, पलीकडे एक जोडपे पेरूच्या रसाचा एकच पेला पुढे ठेवून गप्पा मारत होते. प्रदर्शनाच्या भिंतीवर ज्याला कधी जागा मिळणार नाही अशा होतकरू मुलालाही इथे खुर्ची मिळत असे, आणि कलादालनाशेजारी अशी जागा असणे ही चैन नव्हती, गरज होती, असे माझे ठाम मत आहे. समोवार बंद झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली, शेवटच्या दिवसांत जुन्या गिऱ्हाइकांची रीघ लागली. तो निरोप त्याला साजेसाच होता.

हुतात्मा चौकावरून मैदानांच्या कडेने धोबी तलावाकडे निघालो. मेट्रो सिनेमाजवळ ‘बस्तानी अँड कंपनी’ हे इराण्याचे दुकान होते. तेही याच शतकाच्या सुरुवातीला बंद झाले. भिंतीवर ग्राहकांसाठी सूचनांच्या पाट्या लावायच्या ही इराण्यांची जुनी पद्धत. आरशासमोर केस विंचरू नयेत, गल्ल्यावरच्या माणसाशी बोलत उभे राहू नये, फार वेळ बसू नये, अशा त्या सूचना असत. बस्तानीच्या पाटीवरून कवी निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताच रचली, त्यामुळे दुकान गेले तरी पाटी राहिली. बस्तानीपासून हाकेच्या अंतरावर असलेले, १९०४ पासूनचे ‘कयानी’ मात्र चालू आहे. आत गर्दी होती, म्हणून एका वयस्कर गृहस्थांच्या टेबलाशी रिकामी खुर्ची दिसली तिथे थांबून मी परवानगी मागितली. ते म्हणाले, “बसा हो. इराण्याकडे खुर्चीला विचारायचं नसतं.” ते बँकेतून निवृत्त झालेले, गिरगावचे रहिवासी. ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवत त्यांनी सांगितले, की नोकरीच्या शोधात असताना ते आलटून पालटून बस्तानी आणि कयानी या दोन्ही ठिकाणी बसत, कारण एकाच जागी रोज अर्ज लिहीत बसायचा त्यांना संकोच वाटे. पाटीवर काहीही लिहिलेले असले, तरी एका ‘पानी कम’ चहावर दुपार काढणाऱ्याला सहसा कोणी हटकत नसे. आपण या जागांच्या आठवणी काढतो तेव्हा मावा केकची, खाऱ्या बिस्किटांची, खिमा पावाची चव सांगतो. पण एका चहाच्या किमतीत शहराच्या मध्यभागी पंख्याखाली बसण्याचा हक्क मिळत होता, आणि खरी हानी त्या हक्काची झाली आहे. ती अजून कोणीच भरून काढलेली नाही.

ही दुकाने का बंद झाली, याचे उत्तर पदार्थांत शोधून सापडत नाही. इराणमधील यझ्द आणि केरमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी यांतली बहुतेक दुकाने उभारली. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती घेत नसत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. जागा बहुतेक पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एक मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अशा जागांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली, आणि त्या भाड्यामुळेच दोन आण्यांचा, पुढे दोन रुपयांचा चहा विकून दुकान चालवणे परवडत राहिले. परंतु तितक्याच भाड्यात इमारतीची डागडुजी करणे मालकाला परवडेना, आणि इमारती खचत गेल्या. दुसरीकडे जागेचा भाव इतका चढला, की वर्षानुवर्षे चहा विकून जे हाती यायचे नाही, ते पागडी हस्तांतरित करून एका व्यवहारात मिळू लागले. अनेक दुकाने भागीदारीत असत, काही ठिकाणी भागीदार पाळीपाळीने कारभार पाहत. तिसऱ्या पिढीत वाटेकरी वाढले, त्यांतले कित्येक परदेशी गेले, पहाटे भट्टी पेटवायला घरचे कोणी उरले नाही. काहींनी बिअरचा परवाना घेऊन तग धरला, काहींच्या जागी बँका आणि औषधांची दुकाने आली. पुण्यातही असेच झाले. डेक्कनवर ‘लकी’ आणि ‘गुडलक’ अशी जोडी होती, त्यांतले १९३५ चे गुडलक तेवढे राहिले. कॅम्पातले ‘नाझ’ही गेले.

धोबी तलावावरून जगन्नाथ शंकरशेट मार्गाने गिरगावात शिरलो. खोताची वाडी अजून आहे, तिची लाकडी जिन्यांची आणि सज्जांची घरे मात्र एकेक करून कमी होत चालली आहेत. इथल्या गोमंतकीय पद्धतीच्या ‘अनंताश्रमा’ची कीर्ती माशांवर प्रेम करणाऱ्या सबंध मुंबईत होती. दुपारी रांग, ताटात भात, माशाची आमटी, तिसऱ्या (शिंपल्या) किंवा तळलेला बांगडा, शेवटी सोलकढी. आणि जेवून झाल्यावर रेंगाळायचे नाही असा दंडक होता, हे तिथे जेवलेला प्रत्येक जण सांगतो. समोवारच्या आणि इराण्याच्या अगदी उलट ही रीत, पण तिचेही कारण रास्त होते. बाहेर उन्हात उभा असलेला माणूस कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत आलेला असे, त्याला वेळेत परत जायचे असे. अनंताश्रम बंद होऊन बराच काळ लोटला. वाडीत एका घराच्या ओट्यावर बसलेल्या बाईंनी मला जागा दाखवली आणि म्हणाल्या, “अजूनही लोक विचारत येतात. मी म्हणते, आता घरी जाऊन आईला करायला सांगा.”

चर्नी रोडहून लोकलने लोअर परळला उतरलो. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे, कमला मिलच्या आवारात रेस्टॉरंटे आणि कचेऱ्या आहेत, आणि तिथल्या एका जेवणाच्या बिलात माझ्या काकांचे कितीतरी महिने निघाले असते. ना. म. जोशी मार्गाने करी रोडवरून लालबागला जाताना मी चाळींच्या खिडक्यांकडे पाहत होतो, कारण ज्या उपाहारगृहांच्या शोधात मी आता होतो, त्यांना रस्त्यावर दार नव्हते आणि पाटीही नव्हती. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोल्यांत दाटीने राहत, कुटुंबे गावी असत, आणि जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईकडे लावलेले असे. दहा बाय बाराच्या खोलीत ती बाई दहा-वीस, कधी त्याहूनही अधिक माणसांचा स्वयंपाक पाळीच्या वेळेप्रमाणे करत असे. पैसे पगाराच्या दिवशी मिळत, तोवर वाण्याची उधारी किंवा सावकाराचे कर्ज. ही कोंडी फोडण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबला, जेवणारे गावी परतले, आणि कितीतरी गिरण्या त्यातून पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. किती चुली त्यासोबत विझल्या, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

वेसाइड इनला कवी मिळाला, समोवारला वर्तमानपत्रे मिळाली, अनंताश्रमाला खवय्यांची जीभ मिळाली. लालबागच्या खानावळींनी या तिन्हींपेक्षा जास्त माणसे जगवली, आणि त्यांची नावेसुद्धा उरली नाहीत, कारण त्यांना नावेच नव्हती. मावशींची, आक्कांची, एवढीच त्यांची ओळख होती. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते, आणि म्हणून परतीची गाडी चुकली तरी चालेल असे ठरवून मी तिथल्या एका मंडळाच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसलेल्या दोन वृद्ध गृहस्थांजवळ गेलो. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघेही गिरणीतून आलेले, आणि एकाच चाळीतल्या मावशींकडे जेवलेले. काकांचे नाव सांगितले, त्यांना ते आठवले नाही. मावशींची खोली मात्र त्यांनी बोट करून दाखवली. त्या चाळीच्या जागी आता उंच इमारत आहे. गावी गेलो तर खाडा धरला जाई आणि तेवढे पैसे वळते होत, संपाच्या पहिल्या महिन्यांत मावशींनी कोणालाच उपाशी झोपू दिले नाही, हे दोघांनीही एकमेकांना दुजोरा देत सांगितले. मी वही काढली आणि आठवड्याच्या कोणत्या वारी काय असे, ते विचारले.

“रविवारी मटण. बुधवारी, शुक्रवारी मासळी, नाहीतर सुकट,” पहिले म्हणाले. “सोमवार, शनिवार साधं. गुरुवारी चवळी.”

“चवळी मंगळवारी रे,” दुसरे म्हणाले. “गुरुवारी काळा वाटाणा. दुसऱ्या पाळीवाल्यांना उरायचा नाही, म्हणून तर भांडणं व्हायची.”

“ती भांडणं चवळीवरून.”

“तू रात्रपाळीचा. तुला काय ठाऊक?”

पहिल्यांनी थोडा विचार केला आणि माझ्या वहीकडे पाहून म्हणाले, “तुम्ही दोन्ही लिहा. आणि आमटीला कोकम असायचं, तेही लिहून घ्या.”