न्यास्विझला जाल तर आधी तळघरात उतरा

बेलारुसमध्ये मिन्स्कपासून साधारण 120 किलोमीटरवर न्यास्विझ हे छोटं गाव आहे. मिन्स्कहून थेट बस मिळते. आलेले लोक तडक राजवाडा गाठतात, पण माझं ऐकाल तर राजवाड्याच्या अलीकडे असलेल्या कॉर्पस क्रिस्टी चर्चमध्ये आधी शिरा. न्यास्विझचं रादझिविल हे सरदार घराणं कळतं ते इथे.

चर्च बांधून घेतलं मिकोलाय क्रिश्टोफ रादझिविल याने. टोपणनाव 'पोरका'. बाप कट्टर कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, 1563 साली पोलिश बायबल स्वतःच्या पैशाने छापून घेणारा. मुलगा कॅथलिक झाला आणि त्याच बायबलच्या प्रती गोळा करून जाळू लागला! पुढे तो जेरुसलेम, इजिप्तची यात्रा करून आला. इजिप्तमध्ये विकत घेतलेल्या ममी परतीच्या वादळात समुद्रात फेकाव्या लागल्या, असं त्यानेच लिहून ठेवलंय. चर्चमधल्या त्याच्या स्मारकावर तो सरदाराच्या नव्हे, यात्रेकरूच्या वेशात दिसतो. तिथे जरा थांबाच.

खाली तळघरात घराण्याच्या 70 हून अधिक शवपेट्या आहेत. उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर जवळ ठेवा. भाऊबंदकीत जहागिरीचे तुकडे होऊ नयेत म्हणून पोरका आणि त्याच्या दोन भावांनी 1586 मध्ये करार केला: जमीन विकायची नाही, वाटायची नाही, थोरल्या मुलाकडे अखंड द्यायची. न्यास्विझ त्यामुळे 1939 पर्यंत घराण्याकडे टिकलं. ओळीने मांडलेल्या त्या पेट्या बघताना हा करार डोळ्यांपुढे उभा राहतो.

राजवाडा सुंदर आहे, तळी आणि बाग तर फारच. मात्र सोव्हिएत काळात तिथे आरोग्यधाम होतं, 2002 मध्ये मोठी आग लागली, त्यामुळे आज दिसतं त्यातलं बरंच नव्याने उभारलेलं आहे. स्लुत्स्कचे जरीचे कमरपट्टे मात्र चुकवू नका. याच घराण्यातल्या, पोलंडची राणी झालेल्या बार्बरा रादझिविलचं भूत इथे फिरतं अशी कथा ऐकायला मिळेल. पण बार्बरा वारली 1551 मध्ये, राजवाड्याचं काम सुरू झालं 1580च्या दशकात. तिची कबर विल्न्यूसच्या कॅथेड्रलमध्ये आहे.

तीसेक किलोमीटरवरचा मीरचा किल्लाही 1568 मध्ये याच घराण्याकडे आला. दोन्ही एका दिवसात करायचे तर टॅक्सी ठरवा, बसच्या भरवशावर राहू नका. मीरला घाई करू नका. 1942 मध्ये नाझींनी गावातल्या ज्यूंना याच किल्ल्यात कोंडलं होतं.

पाट्या सिरिलिक लिपीत असतात, तेव्हा अक्षरओळख करून जा. थोडी रोख रक्कम बाळगा. व्हिसाचे नियम दूतावासाकडूनच तपासा. बार्बराच्या कबरीसाठी पुढे विल्न्यूसला जायचं असेल तर लिथुआनियाचा वेगळा शेंगेन व्हिसा लागेल, आणि सीमेवरची नाकी अधूनमधून बंद होतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करूनच तिकीट काढा.