आयपीएल परदेशी हलवायची तर आधी घड्याळ बघा

2009 साली लोकसभा निवडणुकीमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली. जागा ठरली ती पहिल्या चेंडूच्या जेमतेम चार आठवडे आधी, आणि सामने होते तब्बल 59. इंग्लंडचाही पर्याय होता. तिथे एप्रिलमध्ये थंडी आणि पाऊस.

माझ्या मते यजमान निवडताना खरा प्रश्न वेळेचा. बहुतेक पैसा प्रक्षेपणातून, म्हणून भारतातली तेव्हाची चार आणि आठची वेळ हलवता येत नव्हती. दक्षिण आफ्रिका साडेतीन तास मागे, म्हणजे तिथे सामने दुपारी साडेबारा आणि साडेचारला सुरू. पाऊस मात्र तिथेही आला. दरबानचा मुंबई-राजस्थान सामना एकही चेंडू न पडता रद्द झाला.

2020 ला अमिरातीत गणित वेगळं. फरक दीडच तासाचा, मैदानं तीनच: दुबई, अबुधाबी, शारजा. संघ बसनेच फिरले, विमान नाही, त्यामुळे बायो-बबल, म्हणजे कोविडकाळात खेळाडूंना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवणं, सांभाळणं सोपं गेलं. पण तीन मैदानांवर 53 दिवसांत 60 सामने! तीच माती पुन्हापुन्हा वापरली की पृष्ठभाग झिजतो, चेंडू थांबून येतो. शारजाला सुरुवातीला दोनशेच्या धावसंख्या सहज झाल्या, पुढे तिथेच धावा आटल्या. म्हणून कमी मैदानं घेताना प्रत्येक ठिकाणी किती खेळपट्ट्या ताज्या ठेवता येतील, हे वेळापत्रकाआधी क्युरेटरला (खेळपट्टी तयार करणाऱ्याला) विचारायलाच हवं.