कडू नको म्हणणारीला आंबट पाजली

ब्रसेल्समधे शिकता शिकता वीकेंडला एका बारमधे काम करते, आणि नवख्यांना बेल्जियन बिअर चाखवायचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलंय. गेल्या शनिवारी पुण्याची ऑनसाइट आलेली आयटी गँग टपकली. बसल्या बसल्या एकाने फर्मान सोडलं, "ताई, लाईट वगैरे नको हां, आपण स्ट्राँगवाले."

तरी सुरुवात हूगार्डननेच केली, गव्हाची, धणे आणि संत्र्याची साल घातलेली (धणे म्हटलं की आपली मंडळी लगेच कान टवकारतात). मग वेस्टमालेची ट्रिपेल, ट्रॅपिस्ट साधूंच्या मठातली, 1934 पासूनची. सोनेरी रंग, जिभेला हलकी, त्यामुळे स्ट्राँगवाले साहेब म्हणे ही तर लाईटच आहे, आणि अर्धा ग्लास एका दमात! मी काही बोलले नाही, फक्त बाटली फिरवून लेबल दाखवलं. 9.5 टक्के. साहेब गुपचूप मोहरी लावलेल्या चीजकडे वळले.

त्यांच्यातली एक जण मात्र प्रत्येक ग्लासचा नुसता वास घेऊन बाजूला सारत होती, कडू आवडत नाही म्हणे. खरंतर गोझ, म्हणजे इथली आंबट बिअर, मी नवख्यांना सहसा देत नाही, दिलीच तर अगदी शेवटी, पण तिच्यासाठी बून कंपनीच्या गोझची बाटली काढली. तार सोडवली, बूच फट्ट. ही लँबिक नावाच्या बिअरपासून बनते, तिच्यात यीस्ट घालतच नाहीत, थंडीच्या महिन्यांत उकळलेला धान्याचा रस पसरट उथळ भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतले जंतूच काय ते काम करतात, मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं, आणि एक, दोन, तीन वर्षांची मिसळून बाटलीत. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) मुद्दाम जुने वापरतात, टिकण्यापुरते, म्हणून कडूपणा नावालाच.

बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी. एक म्हणाला, खराब झालीये का? ती मात्र दुसरा घोट घेऊन म्हणाली, "अगं हे तर बिनसाखरेचं कोकम सरबत!" माहेर राजापूरचं, मग काय. मी पण आत जाऊन पांढरं मऊ चीज आणि मुळ्याचे काप लावलेला ब्रेड आणला, इथली जुनी माणसं लँबिक, गोझबरोबर हेच खातात. ब्रेड सगळ्यांनी फस्त केला, बाटलीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही.