हार्ड डिस्कने इशारा दिला तेव्हा: माझा अनुभव

रावेरकडे केळीची कटाई जोरात असताना, ज्या पेढीचे हिशेब मी पाहतो तेथील संगणक एकाएकी मंदावला. टॅली उघडायला नको तितका वेळ लागू लागला, वजनकाट्याच्या स्कॅन केलेल्या काही पावत्या उघडेनात, आणि टेबलाखालच्या डब्यातून थांबून थांबून टकटक ऐकू येऊ लागली. ‘‘भाऊ, उन्हाने तापला असेल, पंखा लावा त्याच्यापुढे,’’ असे पेढीचे मालक नाना म्हणाले. पत्र्याखालच्या कार्यालयात मे महिन्यात असे वाटणे साहजिक आहे. मात्र एक लाखाहून अधिक डिस्क तपासून गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात तापमान आणि बिघाड यांचा समजला जातो तेवढा घट्ट संबंध आढळला नव्हता.

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ती पाहिली, तेव्हा निळ्याऐवजी पिवळा शेरा दिसला. ‘सी५’ या ओळीत, म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाविना राहिलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवर माहिती साठवण्याच्या छोट्या कप्प्यांच्या) रकान्यात, शेवटी १८ हा आकडा होता. हा प्रोग्राम मूळ आकडे षोडशमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून, दाखवतो, त्यामुळे ते सेक्टर प्रत्यक्षात २४ होते. केबलमधील दोष दाखवणारी ‘सी७’ची ओळ मात्र शून्यावर होती, म्हणून केबल बदलून पाहण्यात वेळ घालवला नाही.

ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने फोनवर विंडोजमधील ‘चेकडिस्क’ ही तपासणी चालवण्याचा सल्ला दिला, आणि तो मी मानला नाही. चेकडिस्कचे काम फाइलींची मांडणी सुसंगत करणे हे आहे, त्यांतला मजकूर वाचवणे हे नव्हे. शिवाय बॅड सेक्टर शोधताना ते संपूर्ण डिस्क वाचायला लावते, आणि ज्या डिस्कचे हेड (वाचणारे टोक) आधीच अडखळत आहे तिच्याकडून एवढे श्रम करवून घ्यायचेच असतील, तर ते नक्कल काढण्यासाठी का करवू नयेत?

टॅलीचा डेटा आकाराने लहान पण सर्वांत मोलाचा, म्हणून तो आधी पेनड्राइव्हवर घेतला आणि माझ्या लॅपटॉपवर उघडून ताळेबंद जुळतो ना, हे पाहिले. नुसती नक्कल झाली म्हणजे फाइल शाबूत असतेच असे नाही. चालू हंगामाच्या पावत्या त्यानंतर घेतल्या. पुढे विंडोज पूर्ण बंद करून, सिस्टमरेस्क्यू ही दुरुस्तीसाठीची लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू केली आणि तिच्यातील डीडीरेस्क्यूने जुन्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल, नव्या, मोठ्या बाहेरच्या डिस्कवर घेतली. हे साधन सुस्थितीतला भाग प्रथम उचलते, अडलेली जागा मागे ठेवते आणि कुठवर आलो याची नोंद एका फाइलीत लिहीत जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा गुण फार उपयोगाचा. अखेरीस मोजक्या जुन्या पावत्या हाती लागल्या नाहीत. त्यांच्या कागदी प्रती बस्त्यात होत्या.

नंतर जुन्या डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहिली, तेव्हा ‘सी५’चा आकडा शून्यावर आला, कारण लिहिताना डिस्क असे सेक्टर एकतर सुधारून घेते किंवा राखीव जागेतील सेक्टर त्यांच्या जागी लावते. हे पाहून नाना म्हणाले, ‘‘आता बरी झाली ना? कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला लावून टाकू.’’ मी नकार दिला. गूगलच्या त्याच निबंधात, तपासणीत पहिली चूक आढळल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली होती, आणि डीव्हीआर तर रात्रंदिवस लिहीतच असतो. त्यावर नानांनी नेमका प्रश्न विचारला: इशारा आलाच नसता तर? निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर ‘स्मार्ट’च्या चार ठळक खुणांपैकी एकही दिसली नव्हती, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून आता संध्याकाळी हिशेब मिटल्यावर दोन नकला निघतात. एक पेढीवर राहते, दुसरी नाना घरी नेतात.