गोठ्यातल्या जीपपासून : आमची वाटचाल

आबांची जीप १९६७ सालची, महिंद्राची, सीजे-३बी मॉडेलची. १९९८ साली तिचा क्लच गेला आणि म्हशींच्या गोठ्याशेजारी जी उभी राहिली, ती तेरा वर्षं. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या जायच्या, मागच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या. २०११ साली आबा गेले. दिवसकार्य उरकल्यावर भंगारवाला आला आणि किलोवर भाव सांगू लागला. आईनं त्याला चहा दिला आणि तसाच परत पाठवला. जुन्या जिपा पुन्हा रस्त्यावर आणायच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो.

तेव्हा मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) टर्नर होतो. उद्यमनगराचे उपकार मानावे तेवढे थोडे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, गिअर कापणं, सगळं चालत जायच्या अंतरावर. जुन्या जीपची एखादी पिन किंवा बुश बाजारात मिळाला नाही की आजही आम्ही झिजलेला नमुना घेऊन सकाळी जातो आणि बहुतेक वेळा संध्याकाळी नवा घेऊन येतो.

आबांच्या जीपचं इंजिन पार जाम होतं. आमच्या गावात एक चाचा आहेत, उभी हयात जिपा दुरुस्त करण्यात गेलेले. त्यांनी चारही प्लग काढायला लावले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि म्हणाले, "पंधरा दिवस हात लावायचा नाही." रोज कामावरून आल्यावर मी टॉर्च घेऊन डिझेल किती उतरलं तेवढं बघायचो. सोळाव्या दिवशी पुढून हँडल घातलं. जोर करायचा नाही, नुसतं मागं-पुढं, मागं-पुढं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नखाएवढं सरकलं. हाताला आधी कळलं, डोळ्याला नंतर. चाचा एवढंच म्हणाले, "सुटलं रं पोरा."

हे इंजिन समजून घेताना मी जीपच्या प्रेमात पडलो. अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे सगळे व्हॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, असत आणि ताकद साठ अश्वशक्ती. विलीजच्याच नंतरच्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, नेले, धूर सोडणारे खालीच ठेवले. ताकद सत्तरच्या पुढं गेली, पण इंजिनाची उंची वाढली. ते झाकायला १९५३ साली विलीजनं बॉनेटच उंच केलं आणि सीजे-३बी तयार झाली. म्हणजे ज्या उंच नाकावरून आपण ही गाडी लांबून ओळखतो, ते इंजिनापायी आलेलं आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १११, त्यामुळं धापा न टाकता चिखलातून सावकाश ओढत नेते. ही बनावट अमेरिकेत बंद पडल्यावरही महिंद्रानं आपल्याकडं कितीतरी वर्षं चालू ठेवली, म्हणून आपल्या खेड्यापाड्यांत ती अजून सापडते.

जीप रस्त्यावर यायला अडीच वर्षं लागली. गगनबावड्याला एक फेरी मारून आलो आणि आठवड्याभरात शेजारच्या गावातले एक बागायतदार त्यांची जीप घेऊन दारात उभे. ते आमचं पहिलं गिऱ्हाईक, आणि त्यांच्याच गाडीत माझ्याकडून मोठी चूक झाली. फरशीचा पत्रा गंजलेला होता. वरून घासून लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला, दिसायला झकास. पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फोड आले. खरवडून बघितलं तर आतला पत्रा बिस्किटासारखा चुरत होता. मी गाडी परत आणली, सडकं कापून काढलं, नवा पत्रा वेल्ड केला आणि एक रुपया घेतला नाही. तेव्हापासून आमच्याकडं रंगाआधी बॉडी चासीवरून (खालच्या लोखंडी सांगाड्यावरून) उतरवतातच. गिऱ्हाइकाला खर्च जास्त वाटला तर आम्ही काम सोडतो.

२०१६ साली नोकरी सोडली. २०१९ नं मात्र परीक्षा बघितली. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येणार नाहीत. अशा बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ आधीपासून होतंच, पण निकालानंतर रुंद टायर, कापलेली बॉडी, दुसऱ्याच गाडीचं इंजिन मागणारी कामं आम्ही बंद केली. मनापासून सांगतो, ते बरंच झालं. मूळच्या ६.००-१६ मापाच्या अरुंद टायरसाठी बनवलेल्या स्टेअरिंगवर रुंद टायर घातले की किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि बेअरिंग दोन्हींचा जीव जातो.

मग ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शेडमध्ये तीन जिपा होत्या. दोन ट्रॅक्टरनं ओढून उंचावर नेल्या. तिसरीची चाकंच उतरवलेली होती. तिचं इंजिन आम्ही चेनकप्पीनं आढ्यापर्यंत चढवलं आणि घर सोडलं. पाणी ओसरल्यावर आलो तेव्हा बॉडी गाळात रुतलेली होती आणि इंजिन वर कोरडं लटकत होतं. डिफरन्शिअलचा (दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा) नट सोडला तर दुधाच्या चहासारखं ऑइल आलं. तीनदा डिझेलनं धुतलं, सगळी बेअरिंगं बदलली. मालकांनी फोनवर एकच विचारलं, "तुमच्या घरात किती पाणी होतं?"

२०२१ साली केंद्राचा विंटेज गाड्यांचा नियम आला. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. जो रोज मळ्यात जीप नेतो त्याला आम्ही स्पष्ट सांगतो, त्या नंबरच्या मागं लागू नका, साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा.

कस्टमचं काम, म्हणजे मूळ गाडीत बदल, आता एवढंच करतो : बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनमोच्या जागी अल्टरनेटर आणि सीटबेल्ट. ब्रेकच्या तेलाचं एकच सर्किट असेल तर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, म्हणजे एक पाइप फुटला तरी दुसरी दोन चाकं धरतात. दिसायला काहीच बदलत नाही. घाटातून घरच्यांना घेऊन उतरताना मला ते हवंच असतं.

आज आम्ही पाचजण आहोत. सौ. हिशेब आणि आरटीओची कागदपत्रं बघते. चाचांना आता खाली वाकवत नाही, ते खुर्चीत बसून कानानं टॅपेटचा (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा) आवाज तपासतात. सध्या शेडमध्ये कणकवलीहून आलेली एक जीप आहे. खाऱ्या हवेनं पुढचं क्रॉसमेंबर, म्हणजे चासीचा आडवा दांडा, खाल्लंय, ते सोमवारी कापायचंय.