कामठी रोड ते देवळी ट्रॅक्टरने: समृद्धी महामार्गाचं नाव काढू नका

नागपुरात जुना ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन गावी चालवत न्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा. मी कामठी रोडवरच्या एका यार्डातून घेतला आणि देवळी तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत आणला. डिसेंबरचा दुसरा आठवडा, सकाळी अकराला निघालो, घरी पोचायला संध्याकाळचे साडेसात. त्यातला तास-दीड तास शुद्ध मूर्खपणात गेला, आणि तो मूर्खपणा मी पैसे देऊन विकत घेतला होता.

दलालाने कागदांबरोबर 1,400 रुपये जास्तीचे लावले. 'टोल, समृद्धीची एंट्री आन् वरखर्च.' वर सल्ला फुकट: "भाऊ, शिवमडक्यावरून समृद्धीवर चढा, येळाकेळीला उतरा, दोन घंट्यांत वर्धा." मला खरं वाटलं. आउटर रिंग रोडने जामठ्यापर्यंत नीट आलो, वर्धा रोडवर डावीकडे वळायचं सोडून सरळ शिवमडक्याकडे गेलो. तिथला माणूस माझ्याकडे आधी बघतच राहिला.

"काहून आले इकडं? टॅक्टर नाही चालत इथं."
"एंट्रीचे पैसे भरलेत."
"कोणाले भरले?"

याला उत्तर नव्हतं. समृद्धीवर ट्रॅक्टर, दुचाकी, तीनचाकी, काहीच चालत नाही. मोटारींना ताशी 120 ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पंचविसाच्या स्पीडने ट्रॉली डुलवत जाणं म्हणजे काय, हे मलाच सुचायला हवं होतं. दलालाला ते नक्की माहीत होतं.

आता टोलचं. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलचे 2008 चे नियम आहेत, त्यांत ट्रॅक्टरला टोलच नाही. बैलगाडीला नाही, हार्वेस्टरला नाही, तसाच ट्रॅक्टरलाही नाही. सगळ्या वाटेत माझा एक रुपयाही टोलला गेला नाही. डाव्या कडेच्या लेनमध्ये लावा, टोलनाक्याचा आडवा दांडा उघडतात, निघा. म्हणजे 1,400 मधला टोलही खोटा आणि एंट्रीही खोटी. कोणी टोलच्या नावाने पैसे मागितले तर पावती मागा, गाडी तिथेच थांबवून मागा.

पण त्याच नियमात एक मेख आहे. जिथे सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता आहे, तिथे ट्रॅक्टरने महामार्गाच्या मुख्य रस्त्यावर यायचंच नाही. कागदावर पटतं. जामठा ते बुटीबोरी हे करून बघा. सर्व्हिस रोड मध्येच संपतो. बोर्ड नाही, बाण नाही. नालीच्या कडेला मुरमाचा ढीग आणि तिथून उजवीकडे थेट महामार्ग, चढ घेऊन. ट्रॅक्टर चढतो, मागची ट्रॉली अर्धी आडवी राहते, आणि हैदराबादकडे निघालेला ट्रक हॉर्नवरचा हात काढत नाही. हे माझ्यासोबत तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ट्रॉलीचं मागचं चाक नालीच्या काठावरून घसरलं आणि मी मोठ्याने आईचं नाव घेतलं. पुढच्या वेळी मी इथून सकाळी सहाला जाईन, दुपारी नाही.

तिथेच दोन ट्रॅक्टर उलट्या बाजूने समोरून आले, दुभाजकातला वळायचा कट लांब पडतो म्हणून. तुम्ही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर उलट्या दिशेने चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात, कलम 184, दंड 1,000 ते 5,000 रुपये, आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. अपघात झाला तर मग विचारूच नका.

भाचा मडगार्डवर बसून आला होता. बुटीबोरीत पोलिसाने उतरवला. ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याशिवाय कुणी बसू शकत नाही, ट्रॉलीत माणसं भरणं तर दूरच. गावाकडे सगळेच बसतात, हे सांगून उपयोग झाला नाही. तो बसने वर्ध्याला गेला, माझ्याआधी दोन तास पोचला आणि चिवडा खाऊन वर फोन करून विचारत होता की कुठवर आलास.

लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, चालतं, ट्रॅक्टरचं वजन 7,500 किलोच्या आत असतं. ट्रॉलीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, वेगळं असतं, ते मागून घ्या. मला यार्डात दोनदा मागावं लागलं.

बुटीबोरीतच बघितलं तर ट्रॉलीचा टेल लॅम्पच नाही, नुसती वायर लोंबत होती. मागे दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर हवेत, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 104. एक होता, तोही चिखलाने माखलेला. स्पेअरच्या दुकानातून लाल रिफ्लेक्टर टेप घेतली आणि ट्रॉलीच्या मागच्या फळक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवली. साठ रुपये. एवढ्यात 1,400 पेक्षा जास्त कामाची वस्तू आली. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास दिवस बुडतो, आणि सेलूच्या पुढे मी अंधारातच होतो. मागून येणाऱ्या गाड्यांचे लाइट टेपवर पडले की त्या लांबूनच बाजू घेत होत्या, हे आरशात दिसत होतं.

सेलडोह, केळझर, सेलू, वर्धा: रस्ता चांगला आहे. लिहिण्यासारखं काही नाही.

डिझेल पंचवीसेक लिटर लागलं. बंद पडलात तर 1033 लावा, ती राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध सोडून चहाला जाऊ नका, वाहतूक अडवल्याचा दंड वेगळा आहे.

गावी पोचल्यावर ट्रॉली सोडायला गेलो तर हुकच्या पिनची कॉटर, म्हणजे पिन निसटू नये म्हणून घालायची खीळ, अर्धी बाहेर आलेली होती, बोटाने ओढली तरी निघाली. म्हणजे बुटीबोरीच्या त्या चढांवर ट्रॉली कशावर लटकली होती ते आता कळलं. यार्डातून निघतानाच पिन तारेने बांधून घ्या, चांगली दोन वेढे देऊन.